हंडा कोण उचलणार? गरोदरपण आणि डोक्यावरचं ओझं



या महिन्याचं आरोग्य पान घरात सगळ्यांनी मिळून वाचावं, ही विनंती. एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. विषय गरोदर बाईचा आहे, पण त्यातलं निम्म्याहून जास्त काम इतरांनी करायचं आहे.

नर्सिंगची पदविका घेतल्यावर आम्ही बरीच वर्षं प्रसूती विभागात नोकरी केली. तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईला शेवटी आमचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "जड उचलू नका, आराम करा." बाई मान डोलवायची, कागद पिशवीत घालायची आणि निघून जायची. आम्हाला वाटायचं, आपलं काम झालं. पुढे नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागलो, तेव्हा त्याच बाया पहाटे साडेचारला नळावर दिसल्या. सातवा महिना, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. एकीला आम्ही जरा रागानेच विचारलं, "ताई, तुम्हाला सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मला सांगितलं. माझ्या घरात कोणी सांगितलं?"

त्या उत्तराने आम्ही गप्प झालो. जिच्यावर ओझं आहे तिलाच 'उचलू नको' सांगून काही होत नाही. ते उचलणारा दुसरा हात लागतो. म्हणून हा धडा सगळ्या घरासाठी.

आधी वजन मोजू या

'जड' म्हणजे किती, हे आपण कधी मोजत नाही. रोजचंच काम असल्याने ते जड वाटेनासं होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढं लक्षात ठेवलं की हिशेब सोपा होतो.

- १५ लिटरचा भरलेला हंडा : १५ किलो, वर हंड्याचं स्वतःचं वजन.
- पाण्याचा मोठा जार : २० किलो.
- घरगुती गॅसची भरलेली टाकी : आत गॅस १४.२ किलो आणि लोखंडाची टाकी, मिळून तीस किलोच्या आसपास.
- आठ विटा : एक वीट साधारण तीन किलोची धरली तर २४ किलो.
- सिमेंटची गोणी : ५० किलो.
- दोन-अडीच वर्षांचं कडेवरचं मूल : १० ते १२ किलो.

आता घरचा हिशेब करा. पाच माणसांच्या घरात नळ नसेल आणि दिवसाला दहा हंडे पाणी लागत असेल, तर दीडशे किलो वजन रोज उचललं जातं. तेही जमिनीवरून डोक्यावर, ओल्या जमिनीवरून आणि कधी कधी जिन्याने. त्यानंतर कपड्यांची ओली बादली, रेशनची पिशवी, कडेवरचं पोर. जी बांधकामावर जाते किंवा भंगार वेचते, तिचा दिवस तर यानंतर सुरू होतो. आणि घरातली माणसं म्हणतात, "ती काय, घरीच असते."

शरीरात काय होतं

गरोदरपणात शरीर बाळंतपणाची तयारी करत असतं. संप्रेरकांमुळे कंबरेचे आणि ओटीपोटाजवळचे सांधे सैल होत जातात, म्हणजे बाळाला वाट मिळावी. ही सोय निसर्गाची आहे, पण सैल सांध्यांवर ओझं पडलं की ते लवकर दुखावतात. गरोदरपणातली कंबरदुखी, जांघेत कळ येणं, चालताना पुढे ओटीत दुखणं यामागे अनेकदा हेच कारण असतं.

दुसरी गोष्ट, पोट पुढे आल्यावर वजन अंगाजवळ धरता येत नाही. घरी करून पाहा : पाण्याने भरलेला तांब्या छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. तांब्या तोच, पण लांब धरल्यावर हात लगेच भरून येतो. पोटुशी बाई प्रत्येक बादली अशीच लांब धरते. तिच्या पाठीला १५ किलोची बादली त्याहून कितीतरी जड पडते.

तिसरी गोष्ट तोलाची. शरीराचा भार पुढे सरकलेला असतो आणि पोटामुळे पायाखालचं नीट दिसत नाही. नळाजवळ शेवाळ असतं, वस्तीतल्या जिन्याला कठडा नसतो. डोक्यावर हंडा असताना पाय घसरला तर हात टेकायलाही मोकळा नसतो. पोटावर पडल्यास वार गर्भाशयापासून सुटू शकते, आणि ते आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. म्हणून पोटावर पडलात किंवा पोटाला मार लागला, तर रक्त गेलं नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चौथी गोष्ट, श्वास रोखून वजन उचललं की पोटातला दाब वाढतो आणि तो खाली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. हे स्नायू आधीच बाळाच्या भाराने ताणलेले असतात. वर्षानुवर्षं असा दाब येत राहिला तर पुढे खोकताना लघवी गळणं, अंग बाहेर येणं असे त्रास होतात. आजार लाजेचा वाटतो म्हणून आपल्या बाया तो झाकून ठेवतात.

आणि पाचवी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघींत एक. रक्त कमी असलेल्या बाईला दोन हंड्यांत धाप लागते, चक्कर येते. तिला 'आळशी' म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मग हंडा उचलला की गर्भ पडतो का?

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण अर्धवट उत्तराने बाईचाच घात होतो.

एखाद्या दिवशी एक बादली उचलली म्हणून गर्भ पडला, असं म्हणता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात, त्यातल्या जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो गर्भ वाढूच शकत नसतो. आई बिछान्यावर पडून राहिली असती तरी तो टिकला नसता.

पण रोज, वारंवार, खूप वजन वाहणं ही गोष्ट वेगळी. कामकरी स्त्रियांच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की ज्या बाया दिवसभरात एकूण शंभर किलोच्या वर वजन उचलतात, त्यांच्यात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं आणि गर्भपाताचं प्रमाण थोडं जास्त असतं. 'थोडं' हा शब्द लक्षात ठेवा. अशा बहुतेक बायांचं बाळंतपण सुखरूप होतं. तरीही जो धोका टाळता येतो तो का घ्यायचा? आपल्या दहा हंड्यांचा हिशेब दीडशे किलोचा होता, हेही आठवा.

आता जे आम्हाला मनापासून सांगायचं आहे ते. वस्तीत आम्ही हे अनेकदा पाहिलं आहे : नऊ घरच्या पाण्याचा भार सुनेवर, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आणि तिचा गर्भ पडला की तेच घर म्हणतं, "तूच हंडा उचललास, तुलाच अक्कल नाही." ओझंही तिचं आणि दोषही तिचा. ती बाई आधीच रडून थकलेली असते, त्यात हा आरोप ती जन्मभर बाळगते. असं बोलणं बंद करा. आणि ज्या बहिणीच्या वाट्याला हे आलं असेल, तिने हे वाक्य दोनदा वाचावं : तुझं बाळ तुझ्या चुकीने गेलेलं नाही.

किती वजन चालतं?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधकांनी गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणासाठी काही मर्यादा सुचवल्या आहेत. वजन अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर आणि अधूनमधूनच उचलायचं असेल, तर पहिल्या २० आठवड्यांत सुमारे १६ किलो आणि नंतर सुमारे १२ किलो. तेच काम दिवसभर वारंवार असेल तर अनुक्रमे सुमारे ८ आणि ६ किलो. जमिनीलगतचं वजन उचलणं आणि डोक्याच्या वर चढवणं टाळावं, असंही त्यात आहे.

आपला भरलेला हंडा जमिनीवरूनच उचलला जातो आणि डोक्यावरच चढतो. म्हणून आम्ही वस्तीत साधा नियम सांगतो : दिवस गेल्याचं कळलं की भरलेला हंडा, जार, गॅसची टाकी आणि गोणी बंद. पाच महिन्यांनंतर अर्ध्या कळशीपेक्षा, म्हणजे चार-पाच किलोंपेक्षा, जास्त काही वारंवार उचलायचं नाही.

खालच्या बायांनी तेवढंही उचलू नये, डॉक्टर सांगतील तसंच वागावं : आधी कमी दिवसांचं बाळंतपण झालेल्या, या खेपेला रक्त गेलेल्या, वार खाली असलेल्या, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेल्या, जुळं असलेल्या, रक्त फार कमी किंवा रक्तदाब जास्त असलेल्या.

याचा अर्थ बाईने नऊ महिने खाटेवर बसावं असा नाही. चालणं, स्वयंपाक, हलकी कामं, थोडा व्यायाम हे चांगलंच. "काम केलं की बाळंतपण सोपं जातं" असं सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते चालण्या-फिरण्याबद्दल. "आमच्या वेळी आम्ही नवव्या महिन्यातही मोळ्या वाहिल्या" हेही खरं. पण त्याच सासूबाई आम्हाला बाजूला नेऊन हळूच सांगतात, "सिस्टर, माझं अंग बाहेर येतं, बसता येत नाही." आम्ही त्यांना म्हणतो, आई, तुम्ही सोसलं ते सुनेला सांगा. तिच्या वाट्याला ते येऊ नये, हे तुमच्याच हातात आहे.

उचलावंच लागलं तर

- मोठ्या भांड्याऐवजी दोन लहान भांडी घ्या, एकेक हातात सारख्या वजनाची. फेऱ्या वाढल्या तरी चालतील.
- पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा आणि मांड्यांच्या जोरावर उठा. कंबरेतून वाकून उचलू नका.
- उचलताना श्वास रोखू नका, तोंडाने हळू सोडा.
- वजन हातात असताना कंबर पिळू नका. वळायचं असेल तर पावलं टाकून वळा.
- घरात पाण्याची भांडी जमिनीवर न ठेवता ओट्यावर किंवा चौरंगावर ठेवा. पाइप किंवा मगाने पाणी काढा, भांडं हलवू नका.
- कडेवर यायला मूल हट्ट करत असेल तर आधी खाली बसा, त्याला मांडीवर घ्या. उभ्याने उचलू नका.
- गुळगुळीत सपाता घालून नळावर जाऊ नका. साडी किंवा गाऊन पायात येणार नाही असा खोचा.
- लोहाच्या गोळ्या रोज घ्या. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास अंगी लागतात.

कामाच्या ठिकाणी

बांधकामावर घमेलं वाहणाऱ्या, सफाई करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बहिणींना घरच्यापेक्षा मुकादमाची भीती जास्त. "बसलीस तर रोज बुडेल." म्हणून हक्क माहीत हवा.

हा हक्क कोणी दया म्हणून दिलेला नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांसाठी प्रसूती रजेचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशभराचा प्रसूती लाभ कायदा आला. त्यातल्या या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत :

- बाळंतपणाच्या तारखेआधीच्या साधारण शेवटच्या दहा आठवड्यांत बाईने मागणी केली, तर मालक तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ शकत नाही. हलकं काम दिलं म्हणून मजुरीही कापता येत नाही.
- बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर सहा आठवडे तिला कामावर लावता येत नाही.
- मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा आहे.

"आम्ही रोजंदारीवर, आम्हाला कुठला कायदा?" असं पुष्कळ जणी म्हणतात. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे की रोजंदारीवरच्या बायांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे.

कायदा कागदावर असतो आणि मुकादम समोर असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून एकटीने जाऊ नका. चौघी मिळून जा. "हिला घमेलं देऊ नका, भिंतींवर पाइपने पाणी मारायचं काम द्या, घमेलं आम्ही वाटून घेतो," असं सांगितलं तर बरेच मुकादम ऐकतात. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. नोंदणी असलेल्या बाईला बाळंतपणासाठी आर्थिक मदत मिळते. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे नाव लावून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा अर्जही भरा. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

"आता पोट रिकामं झालं, लाग कामाला," ही मोठी चूक. सैल झालेले सांधे आणि ताणलेले स्नायू पूर्ववत व्हायला वेळ लागतो. किमान सहा आठवडे हंडा, बादली, गोणी काही नाही. पोटावर टाके असतील तर बाळापेक्षा जड काहीच उचलायचं नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास टाळायचा असेल तर हेच दिवस जपायचे.

ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही

- अंगावरून रक्त जाणं, थोडं असलं तरी
- पाणी जाणं
- दिवस भरण्याआधी ठरावीक वेळाने पोट आवळून येणं, कंबरेतून कळा येणं
- बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं
- जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज
- छातीत धडधड, बसल्या जागी धाप
- पडणं किंवा पोटाला मार

अशा वेळी १०२ किंवा १०८ ला फोन करा. रात्र आहे, नवरा कामावर आहे, म्हणून सकाळची वाट पाहू नका. एरवी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

घरची कामवाटणी

आता मूळ मुद्द्याकडे. एका घरात आम्ही हा प्रयोग करून पाहिला. नवरा, दीर, सासू, सासरे, सून असे सगळे बसले. वहीच्या कागदावर घरातल्या जड कामांची यादी केली आणि प्रत्येकापुढे नाव लिहिलं. पाणी सकाळी नवऱ्याने, संध्याकाळी दिराने. गॅसची टाकी आणि रेशन दिराने. ओल्या कपड्यांची बादली सासऱ्यांनी गच्चीवर न्यायची, वाळत घालायचं काम सुनेने. कागद दाराच्या आत चिकटवला. पहिल्या दिवशी नळावर नवरा एकटाच पुरुष होता, बाया हसल्या. तो चिडून घरी आला. सासूबाई म्हणाल्या, "हसू दे. उद्या पुन्हा जा." आठवड्याने त्या रांगेत आणखी दोघे पुरुष उभे होते.

आपल्या विहारात आपण समतेवर किती बोलतो! ती समता पहाटेच्या नळावरही दिसली पाहिजे. पुढच्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटं काढा. वस्तीत सध्या किती बाया गरोदर आहेत ते मोजा आणि प्रत्येकीच्या दारात पाणी कोण पोचवणार, त्याची नावं लिहा. ज्या घरात पुरुष माणूस नाही किंवा तो बाहेरगावी आहे, तिथे तरुण मंडळाच्या पोरांनी पाळी लावून घ्यावी. नऊ महिने आणि सहा आठवडे, एवढंच मागणं आहे.

हा अंक वाचून झाला की वहीचं एक पान फाडा आणि आजच यादी करा. पहिली ओळ आम्हीच सांगतो : "हंडा कोण उचलणार?" त्यापुढे तिचं सोडून कोणाचंही नाव लिहा.

जय भीम.